वाऱ्याच्या वाटेवरचं बेट

सोकोत्रा बेटाबद्दल कुठेही वाचा, दोन-चार ओळींत ‘परग्रह’ हा शब्द आलाच म्हणून समजा. व्हिडिओ असेल तर पहिल्याच वाक्यात. ड्रोनमधून दिसणारी ती चित्रविचित्र झाडं, मागे गूढ संगीत आणि ‘हे पृथ्वीवरचं ठिकाण आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही!’ मला या वाक्याचा हल्ली राग येतो. निदान अरबी समुद्राच्या या काठावर राहणाऱ्यांनी तरी सोकोत्राला परकं म्हणू नये. मुंबईपासून ते बेट सरळ रेषेत जेमतेम २,१०० किलोमीटरवर आहे, म्हणजे जवळपास गुवाहाटीइतकंच लांब. मध्ये आहे तो आपलाच समुद्र.

माझ्या माहेरी, श्रीवर्धनला, आजीच्या फडताळात औषधांचा एक डबा असे. त्यात मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, काळा बोळ यांच्यासोबत कागदाच्या पुडीत गुंडाळलेला एक तांबडट काळा खडा होता. हिरादखण. जुलाब थांबेनात किंवा रक्त पडायला लागलं की आजी तो सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळायची. खडा काळपट, पण सहाणेवर उतरणारा रंग थेट कुंकवाचा. तो खडा येतो कुठून, हे आम्ही कधी विचारलं नाही. ‘वाण्याकडून’ एवढंच उत्तर मिळालं असतं. पुढे कधीतरी वाचनात आलं, की हिरादखण म्हणजे एका झाडाची राळ आणि मूळचं ते झाड सोकोत्राचं. आज बाजारात त्या नावाने मिळते ती बरीचशी आग्नेय आशियातल्या एका वेताच्या फळांवरची राळ असते, तेव्हा आजीच्या डब्यातला खडा नेमका कुठला होता हे सांगता यायचं नाही. काळ्या बोळाचंही तेच. मुका मार लागला की आपण लेपात घालतो तो काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवून वाळवलेला रस, आणि एकोणिसाव्या शतकात सोकोत्राच्या कोरफडीचा बोळ युरोपात नावाजलेला होता. तो माल जायचा मुंबईमार्गे.

म्हणजे ओळख जुनी होती. भेट मात्र २०२३ च्या फेब्रुवारीत झाली.

बेट येमेनचं, पण येमेनच्या किनाऱ्यापेक्षा सोमालियाचं टोक त्याला जवळचं. त्या वेळी पर्यटकांसाठी सोयीचा मार्ग होता तो अबू धाबीहून. आठवड्यातून मोजकी विमानं, त्यामुळे आज गेलो नि उद्या परतलो असं चालत नाही. व्हिसा तिथली प्रवास संस्थाच काढून देते, गाडी आणि वाटाड्याही तीच देते, आणि शहर सोडलं की मुक्काम तंबूत. हादिबू हे मुख्य गाव धुळीचं, बकऱ्यांचं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं आहे. व्हिडिओत ते दाखवत नाहीत. आमचा वाटाड्या पंचविशीतला. सोकोत्री लोकांचे सगेसोयरे अजमान-शारजात पुष्कळ. हाही तिथे मामाच्या दुकानात राहून आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. बेताची, पण बिनधास्त. मला पहिल्या तासातच त्याने ‘दीदी’ करून टाकलं.

हादिबूच्या पाठीशी हजहीरचे ग्रॅनाइटचे सुळके उभे आहेत, जवळजवळ १,५०० मीटरपर्यंत. त्यांना वळसा घालून गाडी दिक्समच्या पठारावर चढते. चुनखडीचं कोरडं पठार, मध्ये दिरहूरची खोल घळ, आणि घळीपलीकडे फिर्मिहीन. हिरादखणाच्या झाडांचं सगळ्यात मोठं रान ते हेच. शास्त्रीय नाव ड्रॅसीना सिनाबारी. उगवतं फक्त इथे.

सगळे त्याला छत्री म्हणतात. लांबून ते खरंही वाटतं. पण झाडाखाली जाऊन मान वर केली की छत्रीचं विसरायला होतं. खोड सरळ वर जातं आणि एका उंचीवर फाटतं. प्रत्येक फांदी थोडी वाढते, फुलते, थांबते, पुन्हा फाटते. त्या दोनच्या चार, चारच्या आठ, सगळ्या साधारण सारख्याच लांबीच्या. पानं म्हणाल तर फक्त शेवटच्या टोकांना, ताठ आणि टोकदार. बाकी सगळा आतला पसारा उघडा, राखाडी, पानाचा मागमूस नसलेला. आकाश असं लहान लहान तुकड्यांत कापलेलं मी दुसऱ्या कुठल्या झाडाखालून पाहिलेलं नाही.

या घुमटाचं काम आहे. इथे पाऊस थोडा, पण डोंगरावर धुकं येतं. ताठ पानं ते धुकं धरतात, थेंब पानाच्या बुडाकडे आणि तिथून फांदीकडे उतरतात. काही पाणी झाडाला मिळतं, काही खाली ठिबकतं. आणि वर घुमट असा दाट, की खालच्या मातीतली ओल उन्हाला सहज ओढून नेता येत नाही. भर दुपारी आम्ही तिथे बसलो होतो. सावलीच्या कडेबाहेर दगड हात लावू देत नव्हता. आत माती गार. झाडाखाली बारीक झुडपं, शेवाळ, एक गोगलगाय. सोकोत्राच्या जमिनीवरच्या गोगलगाईंपैकी ९५ टक्के जाती जगात दुसरीकडे कुठे नाहीत. वनस्पतींच्या ८२५ जातींपैकी ३७ टक्के इथल्याच. २००८ साली युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा यादीत घेतलं ते याच जोरावर.

आपल्या ओळखीचं काही दिसतंय का, ही माझी खोड. आणि तिथे ते सारखं दिसत होतं. हिरादखण एकदल वर्गातलं, म्हणजे नारळ-सुपारीच्या वर्गातलं. वाटाड्याने मला एक आडवं पडलेलं झाड दाखवलं. आत लाकूड नव्हतं, नुसता तंतूंचा भुसभुशीत गाभा. वाढीची वर्तुळं नाहीत, त्यामुळे खोड कापून वय मोजता येत नाही. किती वेळा फांद्या फुटल्या त्यावरून अंदाज बांधायचा. अशी आडवी झाडं मग पुढे बरीच दिसत गेली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चपला आणि मेघ अशी दोन चक्रीवादळं आठवड्याभराच्या अंतराने बेटावर आली. हजारो झाडं गेली.

हे बघताना मी गप्प झाले, कारण मला आमची वाडी दिसत होती. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. सकाळी सुपारीची वाडी होती, संध्याकाळी नव्हती. झाडं मुळासकट आडवी, काही मधूनच मोडलेली, आणि मोडलेल्या जागी असाच तंतूंचा गाभा उघडा पडलेला. बाबा पायरीवर बसून नुसतं म्हणत होते, “आता दिसतंय बघ समुद्र घरातून.” आम्ही नवी रोपं लावली. सुपारी धरायला सहा-आठ वर्षं लागतात. बाबांना ती पाहता येईल अशी आशा तरी करता येते. हिरादखणाच्या बाबतीत शतकांची बात असते. आणि रोपं लावायची तर बकऱ्या.

फिर्मिहीनमध्ये फिरताना थोड्या वेळाने खटकायला लागतं, की इथे सगळी म्हातारी झाडं आहेत. गुडघ्याएवढं, कमरेएवढं झाड कुठेच नाही. कोंब वर आला रे आला की बकरी खाते. लहान झाडं पाहायची तर बकऱ्यांना चढता न येणाऱ्या कड्यांवर, नाहीतर कुंपणाच्या आत. लोकांनी, संस्थांनी कुंपणं घातली आहेत, हादिबूजवळ एका कुटुंबाने चालवलेली रोपवाटिकाही आम्ही पाहिली. तिथली वर्षानुवर्षं वाढवलेली रोपं हाताच्या पंजाएवढी होती. कोणी म्हणेल, मग बकऱ्याच कमी करा. पुण्यात बसून हे मीही म्हटलं असतं.

दिक्समवर एका घरी जेवायला गेलो तेव्हा ते म्हणण्याची सोय उरली नाही. दगडी भिंतींचं बुटकं घर. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, मला बायकांनी आत नेलं. आत एक आजी कातड्याच्या पिशवीत बकरीचं दूध घुसळत होत्या. पिशवी मांडीवर आडवी, दोन्ही हातांनी एका लयीत पुढे-मागे. मध्येच थांबून कान लावायच्या. आतला आवाज बदलला की लोणी आलं. मग तोंड सोडून त्यांनी लोण्याचा पांढराशुभ्र गोळा बोटांनी गोळा करून वाडग्यात काढला आणि उरलेलं ताक मला दिलं. आंबट, धुराचा आणि कातड्याचा वास असलेलं. पहिला घोट जड गेला. दुसरा वाडगा मी मागून घेतला. या लोण्याचं तूप पूर्वी गलबतांतून झांझिबारपर्यंत जात असे. बकरी म्हणजे इथे दूध, तूप, मांस, कातडं, लग्नाचं जेवण आणि अडीनडीचा पैसा. कुठली बकरी कोणाची, ते कानावर कापलेल्या खुणेवरून सगळ्यांना ठाऊक असतं.

जेवण म्हणजे मोठ्या थाळ्यात भात, त्यावर उकडलेलं बकरीचं मटण. मीठ सोडलं तर मसाला जवळपास नाहीच. भात त्याच मटणाच्या पाण्यात शिजवलेला, वरून त्या ताज्या लोण्याचा गोळा. सगळ्यांनी एकाच थाळ्यात हात घालायचा, आणि पाहुण्यापुढे चांगला तुकडा सरकत राहणार. नवऱ्याचं तिखटावाचून अडतं, हे मला माहीत. तो नंतर म्हणालाच, “मटण उत्तम, फोडणी राहिली.” मला उलट वाटतं. डोंगरावर चरलेल्या बकरीच्या मांसाला जो एक रानटी सुगंध होता, तो आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात बुडून गेला असता. मी सोबतची लसणाची चटणी पुढे केली. आजींनी चिमूटभर चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि डबी सुनेच्या हवाली केली. डबी परत आली नाही. स्वयंपाकघरात भाताच्या गोणीवर नजर गेली तर ती भारतातली. बेटावर भात पिकत नाही, सगळा बाहेरून येतो.

मासे हा मात्र आपल्या जिभेचा प्रांत. पश्चिम टोकाला कलन्सिया हे कोळ्यांचं गाव. तिथल्या किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या आणि वाळूत खारवलेली मुशी वाळत पडली होती. डोळे मिटून उभं राहिलं तर वासावरून मी वर्सोव्यात आहे की हर्णैला, हे सांगता आलं नसतं. दुपारी सुरमई मिळाली, निखाऱ्यावर भाजलेली, लिंबू पिळून. सोबत तंदूरमधली मोठी रोटी आणि टोमॅटो-मिरचीचं सहावक. त्याला ठेचा म्हणायला माझी हरकत नाही. चहासुद्धा ओळखीचा. वेलची-लवंग घालून दुधात उकळलेला एडनचा चहा. एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबईतूनच चालवलं जात होतं, तेव्हा या चहाचं गोत्र शोधायला फार लांब जायला नको. त्याआधी १८३४ मध्ये कंपनी सरकारने जहाजांच्या कोळशासाठी सोकोत्राच घेऊन पाहिलं होतं. तापाने माणसं पटापट आजारी पडली आणि नाद सोडावा लागला. पोर्तुगीजांचाही तोच अनुभव. १५०७ मध्ये त्यांनी इथला किल्ला जिंकला, त्या मोहिमेत असलेल्या आल्बुकर्कने तीन वर्षांनी गोवा घेतलं, आणि १५११ मध्ये सोकोत्रा सोडून दिलं. फ्रान्सिस झेवियर गोव्याला आले तेही वाटेत इथे थांबून.

बाकी झाडांबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर हा लेख संपायचा नाही. अडेनियम. पुण्यातल्या निम्म्या बाल्कन्यांत कुंडीत असतं तेच, गुलाबी फुलांचं. इथे त्याचं फुगीर खोड माणसाहून उंच होतं आणि उघड्या खडकावर उभं राहतं, माती कुठे आहे ते शोधावं लागतं. काकडीचं झाड. दुधी, कारलं, पडवळ, घोसाळं या वेलींच्या कुळातलं झाड झालेलं हे जगातलं एकमेव. जाड पांढुरकं खोड आणि डोक्यावर नावापुरत्या पानांचा झुबका. फळ खाण्याजोगं नाही, पण दुष्काळात ही झाडं तोडून बकऱ्यांना घालतात. धूपाची झाडं, म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या साळईची सख्खी भावंडं. त्यातल्या काही जाती थेट कड्यालाच चिकटून आडव्या वाढतात. आणि रानडाळिंब! डाळिंबाच्या वंशात जगात दोनच जाती आहेत. एक आपण सोलापुरात पिकवतो ती, दुसरी फक्त सोकोत्रावर. फळ लहान, गोडी बेताची. फेब्रुवारीत झाडावर मोजकीच फळं होती. सांगोल्याच्या बागाइतदाराला हे झाड दाखवावं असं फार वाटलं.

ईशान्य किनाऱ्यावर हॉक नावाची गुहा आहे. किनाऱ्यापासून दीड-दोन तासांची चढण, दगड हलते, ऊन डोक्यावर. गुहा सुमारे तीन किलोमीटर आत जाते. २००० च्या सुमारास बेल्जियमच्या गुहासंशोधकांना आत खोलवर भिंतींवर, जमिनीवर, लवणस्तंभांवर कोरलेल्या, रंगवलेल्या ओळी सापडल्या. अडीचशेच्या आसपास लेख. त्यात दक्षिण अरबी आहेत, इथिओपियाचे आहेत, ग्रीक आहेत, पण बहुतेक सगळे ब्राह्मी लिपीतले. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इथे येऊन गेलेल्या भारतीय खलाशांचे आणि व्यापाऱ्यांचे. मजकूर काय, तर अमक्याचा मुलगा तमका इथे आला. भरुकच्छाचा, म्हणजे भडोचचा. हस्तकवप्राचा, म्हणजे भावनगरजवळच्या हाथबचा. किल्ल्यांवर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. ही त्यांची खापरपणजोबांची पिढी म्हणायची. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात सोकोत्रावर अरब, भारतीय आणि ग्रीक व्यापारी राहतात असं लिहिलं आहे, आणि इथल्या झाडातून ठिबकणाऱ्या लाल राळेला चक्क ‘भारतीय’ हिंगूळ म्हटलं आहे. त्याच ग्रंथात कल्याण आहे, चौल आहे. चौल आमच्या श्रीवर्धनच्याच किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला.

हे सगळे लोक इथे कसे आले? वाऱ्याने. आणि महिनोन् महिने का राहिले? तेही वाऱ्यानेच. परतीचा वारा सुटेपर्यंत करायचं काय? गुहेत जायचं, नाव कोरायचं.

पूर्वेकडे अरहेरला आमचा मुक्काम होता. तिथे डोंगराच्या अंगावर पांढऱ्या वाळूच्या टेकड्या चढलेल्या आहेत, चांगल्या शेकडो फूट. पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा वाळूतून समुद्राला मिळतो. वाळू इतक्या उंच कोणी नेली असं विचारलं, तर वाटाड्याने नुसतं नैर्ऋत्येकडे बोट दाखवलं. जून ते सप्टेंबर तो वारा बेटाला सोडत नाही. होड्या वर ओढून ठेवतात, समुद्र बंद. १९९९ मध्ये धावपट्टी होण्याआधी या महिन्यांत बेटाचा बाहेरच्या जगाशी संबंधच तुटायचा. घरं बुटकी का, भिंती जाड का, याचं उत्तर तोच वारा. आणि एवढा वाहून तो इथे पाऊस फारसा देत नाही. सोमालियाचा किनारा आणि सोकोत्रा यांच्यावरून तो सुसाट जातो, समुद्रावरून बाष्प उचलतो आणि सह्याद्रीला धडकून कोकणात रिकामा होतो. आपल्याकडे ७ जून उलटला की ज्याच्या वाटेकडे अख्खा महाराष्ट्र डोळे लावून बसतो, तो हाच. आम्ही त्याला मान्सून म्हणतो आणि त्याच्या स्वागताला भजी तळतो. आमचे कोळीही त्याच महिन्यांत होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्राला पुन्हा हात लावतात, हे मी वाटाड्याला सांगितलं तेव्हा तो सरसावून बसला. नारळाचं त्याला फार आवडलं.

“और वो हवा आपके उधर आके क्या करती है, दीदी?”

बारिश, मी म्हटलं. तीन-चार महिने, न थांबता. नद्या भरतात, विहिरी भरतात.

“फिर?”

फिर चावल, म्हटलं. सारा चावल उसी बारिश में.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग चुलीवरच्या भाताच्या पातेल्याकडे बघितलं आणि मोठ्यांदा हसला. “मतलब हमारी हवा ले जाते हो, और हमको ही चावल बेचते हो!”

बासमती तिकडे उत्तरेत पिकतो, कोकणातला भात कोकणालाच पुरत नाही, असं काहीतरी मी सांगायला लागले. त्याने ऐकून घेतलं नाही. पातेल्याखालचा जाळ ओढला आणि शेजारच्या तंबूतल्या पोरांना हा हिशेब सोकोत्रीतून सांगायला निघून गेला.